काहीही न करणारी भाषा

ऑगस्ट २०२० मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मूळ कोडमध्ये एक नवी भाषा दाखल झाली. नाव पीएल/सॅम्पल. तिच्यात बेरीज करता येत नाही, अट घालता येत नाही, लूप लावता येत नाही. तिच्यात फंक्शन लिहिलं तर ती फंक्शनच्या पोटातला मजकूर नोटिस म्हणून छापते, आलेली आर्ग्युमेंट्स नाव आणि किंमत यांसकट एकेक करून छापते आणि शेवटी तोच मजकूर उत्तर म्हणून परत देते. बस्स. मार्क वाँग यांनी लिहिलेला हा पॅच मायकेल पाकिए यांनी कमिट केला आणि पुढच्या वर्षी आलेल्या १४ व्या आवृत्तीबरोबर तो सगळीकडे पोचला.

डेटाबेसच्या नव्या प्रोसिजरल भाषेचा पॅच कसा वाचायचा, हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि त्यासाठी ही जवळजवळ मुकी भाषा मी मुद्दाम निवडली आहे. नव्या भाषेचा पॅच समोर आला की वाचणाऱ्याचं लक्ष आधी भाषेकडे जातं. व्याकरण कसं आहे, लूप कसे लिहायचे, पायथॉनपेक्षा वेगवान आहे का. हे प्रश्न गमतीचे असतात आणि त्यांवर मत द्यायला कुणालाही आवडतं. पण असले पॅच फसतात ते बहुधा दुसरीकडेच: भाषा आणि सर्व्हर जिथे एकमेकांना चिकटवलेले असतात त्या सांध्यावर. पीएल/सॅम्पलमध्ये भाषा जवळपास नाहीच, त्यामुळे सांधा उघडा दिसतो.

थोडं मागे जाऊ. एसक्यूएलमध्ये आपण काय हवं ते सांगतो, कसं आणायचं ते डेटाबेस ठरवतो. पण व्याज मोजायचं, अमुक झालं नाही तर तमुक करायचं, मध्येच चूक झाली तर सावरून पुढे जायचं, अशा कामांना पायरीपायरीनं लिहिता येईल अशी भाषा लागते. ओरॅकलनं त्यासाठी एडा या भाषेच्या वळणावर पीएल/एसक्यूएल घडवली. पोस्टग्रेसमध्ये यान वीक यांची पीएल/पीजीएसक्यूएल १९९८ च्या ६.४ आवृत्तीत आली, आणि तिचा तोंडवळा ओरॅकलच्या भाषेशी बराच जुळतो. आतली व्यवस्था मात्र साफ वेगळी आहे. पोस्टग्रेसच्या सर्व्हरला स्वतःला एकही प्रोसिजरल भाषा कळत नाही. फंक्शनचा मजकूर पीजी_प्रोक या कॅटलॉगमध्ये नुसता मजकूर म्हणून पडून असतो. फंक्शन बोलावलं की सर्व्हर त्या भाषेच्या हँडलरला हाक मारतो, आर्ग्युमेंट्स हाती देतो आणि उत्तराची वाट पाहतो. मजकुराचं करायचं काय, हे हँडलरनं पाहायचं. २०१० च्या ९.० आवृत्तीपासून पीएल/पीजीएसक्यूएल प्रत्येक नव्या डेटाबेसमध्ये आपोआप बसवलेली असते, म्हणून ती घरचीच वाटते. पण तिचाही रस्ता तोच. टीसीएल, पर्ल आणि पायथॉन यांच्या भाषा मूळ कोडबरोबर येतात. जावा, आर, व्ही८ यांच्या भाषा बाहेर स्वतंत्रपणे सांभाळल्या जातात.

म्हणजे नवी भाषा आणायची तर किमान एक सी फंक्शन लिहायचं: कॉल हँडलर. शिवाय हवी असतील तर आणखी दोन. 'डू' लिहून जागच्या जागी चालवलेल्या तुकड्यांसाठी इनलाइन हँडलर, आणि फंक्शन साठवतानाच त्याची तपासणी करणारा व्हॅलिडेटर. यादी एवढीच असल्यामुळे काम सोपं वाटतं, आणि पहिला कच्चा खर्डा खरोखरच थोड्या दिवसांत उभा राहतो.

पीएल/सॅम्पलच्या चाचणीत एक फंक्शन आहे. त्याला तीन आर्ग्युमेंट्स: एक न्यूमरिक, एक टेक्स्ट, एक पूर्णांकांचा अ‍ॅरे. बोलावताना १.२३, एबीसी आणि ४, ५, ६ चा अ‍ॅरे दिला जातो, आणि ते तिन्ही नोटिशीत जसेच्या तसे उमटतात. पाहायला अगदी क्षुल्लक. पण हे घडायला हँडलरला फंक्शनच्या ओआयडीवरून, म्हणजे अंतर्गत क्रमांकावरून, कॅटलॉगमधली ओळ शोधावी लागते, आर्ग्युमेंट्सची नावं आणि प्रकार काढावे लागतात, प्रत्येक प्रकाराचं आउटपुट फंक्शन हुडकून त्याच्याकरवी डेटमचा, म्हणजे सर्व्हरच्या आतल्या रूपातल्या किमतीचा, मजकूर करून घ्यावा लागतो. परतीच्या वाटेवर उलटं: मजकूर घ्यायचा आणि परतीच्या प्रकाराच्या इनपुट फंक्शनला द्यायचा. त्यामुळे या मुक्या भाषेतही एक मजा करता येते. परतीचा प्रकार इंटिजर ठेवून फंक्शनच्या पोटात इंग्रजी अंकांत बेचाळीस लिहा, उत्तर बेचाळीस येईल. तेच देवनागरी अंकांत लिहा, इंटिजरचं इनपुट फंक्शन ते नाकारून एरर देईल. व्हॉइड परतवणारं फंक्शनही चालतं, कारण व्हॉइडच्या इनपुट फंक्शनला काहीही दिलं तरी ते मुकाट्यानं बाजूला टाकतं. प्रोसिजरल भाषांना वेगळी कसरत करावी लागू नये म्हणूनच ते तसं ठेवलेलं आहे. पॅच वाचताना अशा प्रत्येक प्रकाराशी थांबायचं असतं. नल आला तर? डोमेन आला तर? कंपोझिट, पॉलिमॉर्फिक, व्हेरिअ‍ॅडिक, अनेक ओळी परतवणारं फंक्शन? सगळ्यांना आधार हवाच असं मुळीच नाही. पण जे जमत नाही तिथे 'हे जमत नाही' अशी स्वच्छ एरर हवी. भलतंच उत्तर नको.

आता खऱ्या अडचणीच्या जागेकडे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. सी भाषेत एक्सेप्शन नसतात. पोस्टग्रेसनं ती सोय सिगसेटजम्प आणि सिगलाँगजम्प यांवर उभी केली आहे. कुठेही एरर झाली की अंमल सरळ उडी मारून शेवटच्या पीजी_ट्राय या एरर पकडणाऱ्या ब्लॉकपाशी येतो. मधल्या फंक्शनांना आवराआवर करायची संधीच मिळत नाही. सर्व्हरच्या स्वतःच्या कोडला ही उडी सोसते, कारण त्याची मेमरी आणि त्याची कुलपं ट्रान्झॅक्शनच्या हिशेबात लिहिलेली असतात आणि ट्रान्झॅक्शन कोसळलं की सगळं परत घेतलं जातं. पण मध्ये पायथॉनचा इंटरप्रिटर असेल तर? पायथॉनमधल्या फंक्शननं एक इन्सर्ट चालवला, की पायथॉनला आत बोलावणारा पोस्टग्रेसचा कोड, त्यावर पायथॉनच्या सीमधल्या फ्रेम आणि त्याच्याही वर पुन्हा पोस्टग्रेसचा कोड अशी चळत तयार होते. इन्सर्टमध्ये युनिक की मोडली, एरर उडाली आणि पायथॉनच्या फ्रेमवरून थेट खाली उतरली, तर रेफरन्स मोजणी चुकते आणि इंटरप्रिटर अर्धवट अवस्थेत अडकतो. त्याला वाटत असतं की आपण अजून त्या फंक्शनातच आहोत.

म्हणून सर्व्हरला परत हाक मारणारी प्रत्येक ओळ पीजी_ट्रायमध्ये हवी. एरर पकडायची, तिची प्रत काढायची, सर्व्हरच्या एररची स्थिती साफ करायची, त्या भाषेचं एक्सेप्शन बनवून द्यायचं आणि मग भाषेच्या नेहमीच्या वाटेनं परत यायचं. एवढ्यानंही भागत नाही. वापरणाऱ्यानं ते एक्सेप्शन झेललं आणि पुढची क्वेरी चालवली, तर मोडलेल्या ट्रान्झॅक्शनमध्ये ती चालणार कशी? त्यासाठी आतलं काम सबट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळावं लागतं. पीएल/पायथॉनला ही शिस्त पूर्णपणे लागली २०११ च्या ९.१ आवृत्तीत, म्हणजे ती भाषा मूळ कोडमध्ये येऊन बरीच वर्षं झाल्यावर.

पीजी_ट्रायचे दोन सापळे मी प्रत्येक पॅचमध्ये आधी शोधतो. एक, त्या ब्लॉकच्या आतून केलेला रिटर्न. तो केला की जुनी उडीची जागा परत बसवली जात नाही. नंतर त्याच क्वेरीत कुठे एरर आली, तर उडी अशा फ्रेमकडे जाते जी आता अस्तित्वातच नाही. दुसरा, ब्लॉकच्या आत बदललेलं आणि बाहेर एररच्या वाटेवर वाचलेलं लोकल व्हेरिएबल. ते व्होलाटाइल नसेल तर कंपायलर त्याची किंमत रजिस्टरमध्ये ठेवू शकतो, आणि उडीनंतर हाती काय येईल याचा नेम नाही. दोन्ही चुका साध्या चाचण्यांतून सहीसलामत सुटतात, कारण चाचण्या बहुधा सगळं सुरळीत चालल्याच्या असतात. आणि पोस्टग्रेसमध्ये एक बॅकएंड प्रोसेस कोसळली की शेअर्ड मेमरीचा भरवसा उरत नाही म्हणून पोस्टमास्टर बाकीच्याही सगळ्या बंद करून सर्व्हर पुन्हा उभा करतो. नवी भाषा वाड्यात भाड्यानं आलेल्या बिऱ्हाडासारखी आहे: तिच्या स्वयंपाकघरातला स्टोव्ह भडकला तर शेजारच्या खोल्याही रिकाम्या कराव्या लागतात. ज्यांनी ती भाषा कधी वापरलीच नाही, त्यांचीही कनेक्शनं तुटतात.

मेमरीचं थोडक्यात सांगतो, कारण एक अख्खं प्रकरण पुढे आहे. पॅलॉकनं, म्हणजे पोस्टग्रेसच्या मेमरी देणाऱ्या फंक्शननं, घेतलेली मेमरी कुठल्या कॉन्टेक्स्टची, हे विचारत जायचं. छोट्या आयुष्याच्या कॉन्टेक्स्टमध्ये कॅश ठेवली तर दुसऱ्या कॉलला क्रॅश. सेशनभर टिकणाऱ्या कॉन्टेक्स्टमध्ये प्रत्येक कॉलला काहीतरी ठेवत गेलं तर लीक. आणि फंक्शन कंपाइल करून ठेवलं असेल तर ते शिळं झालं का हे कॅटलॉगमधल्या ओळीवरून, तिच्या एक्समिन आणि टीआयडीवरून, प्रत्येक वेळी तपासलं जातं का ते पाहायचं. याची चाचणी सोपी आहे. एका सेशनमध्ये फंक्शन चालवा, दुसऱ्या सेशनमधून ते बदला, पहिल्यात पुन्हा चालवा. जुनंच उत्तर आलं तर पॅच परत.

एक गोष्ट मराठी माणसाला सहज जमते आणि इतरांच्या नजरेतून सुटते. बहुतेक चाचण्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या असतात. तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे लांबी कशीही मोजली तरी उत्तर बरोबरच येतं. फंक्शनला 'नागपूर' पाठवा. यूटीएफ-८ मध्ये त्याचे १८ बाइट होतात आणि डेटाबेसच्या लेखी ती ६ अक्षरं असतात, कारण काना आणि ऊकार वेगळे मोजले जातात. भाषेचा इंटरप्रिटर आतून कुठलं एन्कोडिंग वापरतो आणि सर्व्हरचं कुठलं आहे, यांत कुणी रूपांतर करतंय की नाही, हे त्या एका शब्दानं उघड होतं. मग तोच शब्द फंक्शनच्या मजकुरात लिहा, आर्ग्युमेंटच्या नावात लिहा आणि एररच्या संदेशात उमटवून पाहा. एररच्या संदेशातलं रूपांतर विसरलेलं असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त.

इंटरप्रिटर आपल्याबरोबर स्वतःच्या सवयीही आणतो. पीएल/पर्लच्या कोडमध्ये पर्लची लायब्ररी सुरू होताना लोकेल बदलून टाकते याबद्दल एक कॉमेंट आहे, आणि तिचा सूर चांगलाच वैतागलेला आहे. लोकेल बदललं तर मजकुराची क्रमवारी बदलते, आणि क्रमवारी बदलली तर त्या क्रमानं रचलेला इंडेक्स खोटं बोलू लागतो. विंडोजवर म्हणूनच आधीचं लोकेल जपून ठेवून नंतर परत बसवावं लागतं. कुणी रनटाइम थ्रेड सुरू करतो, कुणी सिग्नल स्वतःकडे वळवून घेतो. क्वेरी रद्द करायची विनंती आली आणि इंटरप्रिटर न संपणाऱ्या लूपमध्ये असेल तर काय होतं, हे करून पाहिल्याशिवाय 'तपासलं' असं लिहू नये.

आता विश्वासाचा प्रश्न. पोस्टग्रेसमध्ये भाषा ट्रस्टेड किंवा अनट्रस्टेड असते. ट्रस्टेड भाषेत साध्या वापरकर्त्यालाही फंक्शन लिहिता येतं, म्हणून त्या भाषेला फाइल, नेटवर्क किंवा सर्व्हरच्या आतल्या गोष्टींना हात लावता येता कामा नये. अनट्रस्टेड भाषेत फक्त सुपरयूजरनं लिहायचं. पॅचमध्ये हा फरक म्हणजे एक शब्द: क्रिएट आणि लँग्वेज यांच्या मध्ये ट्रस्टेड आहे की नाही. लेखकाला तो घालावासा वाटणं साहजिक आहे, त्याशिवाय भाषा लोकांपर्यंत पोचणार कशी. पण इतिहास त्याच्या बाजूनं नाही. पीएल/पायथॉन सुरुवातीला ट्रस्टेड होती. ज्या मॉड्यूलच्या भरवशावर होती ते पायथॉनवाल्यांनीच असुरक्षित म्हणून काढून टाकल्यावर ७.४ आवृत्तीत तिला अनट्रस्टेड व्हावं लागलं आणि नावाच्या शेवटी 'यू' चिकटला, तो आजही आहे. २०१० मध्ये पीएल/पर्लच्या कुंपणाला भोक सापडलं, आणि त्याच वेळी पीएल/टीसीएलमध्येही एक दुरुस्ती करावी लागली. २०१४ मध्ये तर व्हॅलिडेटर सापडले. ते सर्व्हरनं बोलवायचे, पण तीही साधी फंक्शनंच असल्यामुळे कुणीही थेट बोलावू शकत होतं आणि आपला अधिकार नसलेल्या फंक्शनांवर चालवू शकत होतं. तेव्हापासून प्रत्येक व्हॅलिडेटरनं सुरुवातीलाच बोलावणाऱ्याचा अधिकार तपासायचा असतो. नव्या भाषेच्या पॅचमध्ये ती एक ओळ आहे का, हे बघायला अर्धं मिनिट लागतं. 'ट्रस्टेड'च्या बाबतीत माझं मत कठोर आहे: कुंपण कसं घातलंय आणि ते कोण राखणार, याचं लेखी उत्तर नसेल तर तो शब्द काढायला सांगावा.

कोण राखणार, हा प्रश्न विश्वासापुरता थांबत नाही. पोस्टग्रेसची प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते. पायथॉन २ चा आधार जानेवारी २०२० मध्ये थांबला. पोस्टग्रेसनं त्याला २०२२ च्या १५ व्या आवृत्तीत निरोप दिला, आणि तोवर एकाच भाषेच्या दोन पिढ्यांसाठी कोड आणि चाचण्या जगवाव्या लागल्या. मूळ कोडमध्ये आणखी एक भाषा घेणं म्हणजे परक्या प्रकल्पाचं वेळापत्रक गळ्यात बांधून घेणं. एसक्यूएलच्या प्रमाणग्रंथात प्रोसिजरल भाषेसाठी पीएसएम हा स्वतंत्र भाग आहे आणि मायएसक्यूएलनं २००५ च्या ५.० आवृत्तीत त्याच वळणाची भाषा घेतली, तरीही पोस्टग्रेसच्या मूळ कोडमध्ये पीएसएमची भाषा आलेली नाही. २०११ मध्ये क्रिएट एक्स्टेंशन आल्यावर तर बाहेर राहण्यातला कमीपणाही गेला. त्यामुळे रिव्ह्यूचा पहिला प्रश्न, कोडची एकही ओळ वाचण्याआधीचा, असा असतो: हे मूळ कोडमध्येच का हवं?

पीएल/सॅम्पलकडे याचं चांगलं उत्तर होतं. हँडलर कसा लिहायचा हे सांगणाऱ्या मॅन्युअलच्या प्रकरणात पूर्वी सीचा एक नमुना छापलेला होता. मॅन्युअलमधला कोड कुणी कंपाइल करत नाही, त्यामुळे तो जुना झाला. नव्या भाषेला एक्स्टेंशन म्हणून कसं बसवायचं हे त्यात नव्हतंच. तोच नमुना चाचण्यांच्या फोल्डरमध्ये खऱ्या मॉड्यूलच्या रूपात ठेवला, की आतले एपीआय बदलताच बिल्ड तुटतो आणि बदलणाऱ्यालाच तो दुरुस्त करावा लागतो. म्हणजे भाषा म्हणून ती निरुपयोगी आहे, आणि तरीही मूळ कोडमध्ये तिला जागा मिळाली.

पोस्टग्रेसच्या कामाची एक रीत इथे सांगायला हवी. पॅच कमिटफेस्ट नावाच्या फेऱ्यांत वाचले जातात, आणि जो पॅच पाठवतो त्यानं साधारण तेवढ्याच वजनाचा दुसऱ्याचा पॅच वाचावा अशी अपेक्षा असते. लिहिणारे पुष्कळ, वाचणारे थोडे. पुण्यात पोस्टग्रेसच्या आतल्या भागावर काम करणारी मंडळी आज चांगल्या संख्येनं आहेत, पण नव्यानं येणाऱ्याला वाटतं की रिव्ह्यू म्हणजे ज्येष्ठांचं काम, आपण कुठे टॉम लेन यांच्यासारख्या जुन्या कमिटरांच्या पंगतीत बसणार? हा संकोच अनाठायी आहे. पॅच आजच्या कोडवर बसतो का, वॉर्निंगशिवाय कंपाइल होतो का, चाचण्या आणि मॅन्युअलमधला मजकूर आहे का, एवढं तपासून कळवणं हाही रिव्ह्यूच असतो, आणि कमिटच्या संदेशात वाचणाऱ्यांची नावं नोंदली जातात.

लिहिताना मात्र नेमकं लिहावं. 'एरर हँडलिंग कमजोर वाटतं' यानं लेखकाला काहीच कळत नाही. 'इन्सर्टमध्ये युनिक की मोडली, एरर झेलली आणि लगेच सिलेक्ट चालवला, की असर्शन फुटतं. फंक्शन सोबत जोडलंय' यानं कळतं. नापसंती आणि दोष वेगळे ठेवावेत. व्हेरिएबलचं नाव आवडलं नाही हे सांगायला हरकत नाही, पण ते मेमरी लीकच्या शेजारी त्याच आवाजात सांगू नये. आणि आपण काय पाहिलं नाही तेही लिहावं: विंडोजवर चालवलं नाही, ट्रिगर तपासले नाहीत. पुढचा वाचणारा तिथून सुरुवात करतो.

पहिल्या प्रकरणाआधी एवढी तयारी करून ठेवा. पोस्टग्रेसचा सोर्स घेऊन असर्शन चालू ठेवून बिल्ड करा. असर्शनशिवायच्या बिल्डवर केलेल्या रिव्ह्यूला फारसा अर्थ नसतो. डेटाबेस यूटीएफ-८ चा ठेवा. मग चाचण्यांच्या मॉड्यूलमधलं पीएल/सॅम्पल उघडा आणि त्याचा कॉल हँडलर वाचा. मूळ पॅचमध्ये व्हॅलिडेटर नव्हता. तो पुढे जोडता येईल असं कमिटच्या संदेशातच म्हटलेलं आहे. तो लिहायचा झाला तर पहिली ओळ कोणती असेल, ते कागदावर लिहून मगच पान उलटा.